दुरुस्तीचं बिल कोण भरणार, हे आधी सांगा
विमा नियामकांच्या अध्यक्षांना एका गॅरेजचालकाचं खुलं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष,
भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरण, हैदराबाद



गाडीचा विमा काढलेल्या माणसाला दुरुस्तीचे किती पैसे कंपनी देणार आणि किती आपल्या खिशातून जाणार, हे आज दुरुस्ती संपल्यावर कळतं. गाडी धुऊनपुसून दारात उभी असते, किल्ली काउंटरवर असते आणि मग त्याला 'डिफरन्स'चा आकडा सांगितला जातो. हा आकडा गाडीला हात लागण्याआधी, लेखी आणि मराठीत त्याच्या हातात पडावा, यासाठी हे पत्र लिहितो आहे.

मी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात अपघाती गाड्यांचं काम करतो. डेंटिंग, पेंटिंग आणि त्याबरोबर येणारी विम्याची सगळी कागदपत्रं. त्यामुळे तो आकडा सांगायची वेळ बहुधा माझ्यावरच येते. कंपनीचा माणूस समोर नसतो. नुकसान तपासणारा सर्व्हेअर पुढच्या गाडीकडे गेलेला असतो. पॉलिसी मोबाइलवरून काढलेली असेल तर विचारायला एजंटही नसतो. समोर कधी शाळामास्तर असतात, कधी गुऱ्हाळवाले, कधी निवृत्तीच्या पैशातून पहिली गाडी घेतलेल्या बाई. "अहो, फुल इन्शुरन्स आहे माझा, मग हे एकवीस हजार कसले?" असं ते विचारतात आणि त्यांचा संशय गॅरेजवर येतो. काही ठिकाणी तो खराही असतो, त्याबद्दल पुढे लिहितो. पण बहुतेक वेळा आकडा नियमानुसारच असतो. तो नियम त्यांना आजवर कुणी सांगितलेला नसतो, एवढंच.

नियम कुठून आला हे आपल्याला मी सांगण्याची गरज नाही, पण हे पत्र वाचणाऱ्या गाडीमालकांसाठी लिहितो. २००२ साली देशात मोटार विम्याचं टॅरिफ लागू झालं. त्यात सुट्या भागांवरच्या घसाऱ्याचं एक कोष्टक होतं. रबर, नायलॉन, प्लास्टिकचे भाग, टायर-ट्यूब, बॅटरी आणि एअरबॅग यांवर सरसकट ५० टक्के घसारा. फायबरग्लासवर ३० टक्के. काचेवर काही नाही. धातूचे आणि बाकीचे सगळे भाग गाडीच्या वयानुसार: पहिले सहा महिने शून्य, वर्षापर्यंत ५ टक्के, दोन वर्षांपर्यंत १०, तीनपर्यंत १५, चारपर्यंत २५, पाचपर्यंत ३५, दहापर्यंत ४० आणि त्यापुढे ५०. घसारा कापून उरलेली रक्कम कंपनीची. २००७ पासून विम्याचे दर खुले झाले, कंपन्या आपापला हप्ता ठरवू लागल्या. हे कोष्टक मात्र आजही माझ्या टेबलावर येणाऱ्या पॉलिसींच्या मागच्या पानांवर, बारीक इंग्रजी टायपात, जसंच्या तसं छापलेलं असतं.

एक हिशेब मांडतो. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल घेतले आहेत आणि जीएसटी बाजूला ठेवला आहे. साडेतीन वर्षांची छोटी पेट्रोल गाडी, इंजिन १२०० सीसीच्या आतलं. समोरून ट्रॉलीला धडकली. बंपर ६,०००, हेडलाइट १०,०००, जाळी आणि प्लास्टिकचे किरकोळ भाग ४,०००. हेडलाइटची पुढची 'काच' आता काचेची राहिलेली नाही, तीही प्लास्टिकमध्येच धरली जाते. म्हणजे या २०,००० मधले १०,००० मालकाचे. बॉनेट ८,०००, फेंडर ४,०००, रेडिएटर आणि एसीचा कंडेन्सर मिळून १२,०००. हे धातूचे भाग, गाडी चौथ्या वर्षात, म्हणून २५ टक्के, म्हणजे ६,००० मालकाचे. पुढची मोठी काच ७,०००, ती पूर्ण कंपनीची. मजुरी ९,०००, तीही कंपनीची. रंगकाम १२,०००. रंगाचं एकत्रित बिल असेल तर त्याचा चौथा हिस्सा साहित्याचा धरतात आणि त्यावर ५० टक्के घसारा लावतात, म्हणजे १,५०० मालकाचे. कूलंट, एसीचा गॅस, ऑइल, नटबोल्ट, क्लिपा यांचे २,५००. या 'कन्झ्युमेबल्स'ना साध्या पॉलिसीत एक रुपयाही मिळत नाही. शेवटी प्रत्येक दाव्यात मालकानं भरायची सक्तीची वजावट, १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपये. बिल झालं ७४,५००. कंपनी देणार ५३,५००, मालकानं भरायचे २१,०००.

यात कुणी कुणाला फसवलेलं नाही. हिशेब असा टेबलावर मांडला की दहा मिनिटांत कुणालाही समजतो, हा माझा रोजचा अनुभव आहे. ज्याला समजतो तो भांडत नाही. "हे आधी कळलं असतं तर झिरो डेप घेतलं असतं," एवढंच म्हणतो. वरच्याच गाडीला झिरो डेपचं, म्हणजे घसारा न कापण्याचं, जादा कव्हर असतं तर १७,५०० रुपये वाचले असते आणि ३,५०० भरावे लागले असते. पण झिरो डेप घेतलं म्हणजे सगळं मिळतं, हा दुसरा गैरसमज. वजावट जायची ती जातेच. कन्झ्युमेबल्सचं कव्हर वेगळं, इंजिनात पाणी जाण्याचं वेगळं. अनेक पॉलिसींत टायर आणि बॅटरी त्यातून वगळलेल्या असतात आणि वर्षाला किती दावे चालतील यालाही मर्यादा असते. हप्ता भरताना स्क्रीनवर एक चौकोन असतो, त्यात टिक करायची की नाही हे माणूस नुसत्या जादा हप्त्याकडे बघून ठरवतो. त्या चौकोनाची खरी किंमत त्याच्याच गाडीच्या नमुना बिलावर दाखवली, तर त्याचा निर्णय वेगळा होईल.

याहून मोठा गोंधळ नव्या गाड्यांचा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारला थर्ड पार्टी विमा तीन वर्षांचा एकदम घ्यावा लागतो. तो योग्यच निर्णय होता, रस्त्यावर बिनविम्याच्या गाड्या फार झाल्या होत्या. पण त्याच कागदावर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं कव्हर अनेकदा एकाच वर्षाचं असतं. मालकाच्या डोक्यात बसतं ते 'तीन वर्षांचा विमा'. दुसऱ्या वर्षी गाडी झाडावर आदळते, टोइंग करून माझ्याकडे येते, मी पॉलिसी उघडतो आणि स्वतःच्या नुकसानीचं कव्हर संपून कित्येक महिने झालेले असतात. थर्ड पार्टी समोरच्याचं नुकसान भरून देते. आपल्या गाडीच्या एका स्क्रूचेही पैसे त्यात नाहीत. त्या माणसाला हे सांगणं मला फार जड जातं, कारण त्यानं कंजुषी केलेली नसते. त्याला मागितले तेवढे पैसे त्यानं शोरूममध्ये मोजलेले असतात.

आता पुराबद्दल लिहितो, कारण आमच्या भागात विम्याचं नाव काढलं की आधी पूर आठवतो. ऑगस्ट २०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेनं ५५ फूट ओलांडले, जिथं धोक्याची पातळीच ४३ फुटांची आहे. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली गेला. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच झालं आणि त्याच दिवसांत चिपळूण बुडालं. पाणी ओसरल्यावर गाड्यांची रांग लागते. सीटखाली गाळ, दारांच्या पोकळीत गाळ, डॅशबोर्डमागच्या वायरिंगच्या प्रत्येक जोडात ओल. पूर हा पॉलिसीत नाव घेऊन लिहिलेला धोका आहे. उभी गाडी बुडाली, तर आतली सफाई, वायरिंग, सीट, इलेक्ट्रॉनिक भाग यांचा दावा सहसा अडत नाही. खर्च गाडीच्या ठरलेल्या विमा किमतीच्या, म्हणजे आयडीव्हीच्या, ७५ टक्क्यांवर गेला तर गाडी 'टोटल लॉस' धरतात.

दावा अडतो तो इंजिनावर. सिलिंडरमध्ये पेट्रोल आणि हवा यांचं मिश्रण दाबलं जातं. पाणी दाबलं जात नाही. एअर फिल्टरमधून पाणी आत गेलेलं असताना कुणी स्टार्टर मारला, की पिस्टन वर येतो, पाण्यावर अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. काही वेळा तो तुटून ब्लॉक फोडून बाहेर येतो. आम्ही याला हायड्रोलॉक म्हणतो. वाकलेला रॉड बाकावर सरळ रॉडशेजारी ठेवला तर फरक जेमतेम काही मिलिमीटरचा दिसतो, आणि तेवढ्यासाठी अख्खं इंजिन उतरवावं लागतं. कंपनीचं म्हणणं असं, की पाणी पुरानं आलं हे खरं, पण रॉड वाकला तो स्टार्टर मारल्यामुळे. म्हणून हे पुराचं थेट नुकसान धरता येत नाही, परिणामी नुकसान आहे, आणि परिणामी नुकसान पॉलिसीत वगळलेलं आहे.

या युक्तिवादात तथ्य आहे, हे मी मान्य करतो. कमरेएवढ्या पाण्यात हौसेनं गाडी घालणाऱ्याचा खर्च बाकीच्या हप्ता भरणाऱ्यांनी का सोसावा? पण अंडरपासमध्ये पुढे-मागे गाड्या अडकल्या आहेत, पाणी चढतं आहे, मागच्या सीटवर लहान मूल आहे, इंजिन बंद पडलं आणि त्या माणसानं घाबरून एकदा किल्ली फिरवली, तर तो निष्काळजी कसा? पॉलिसीच्या भाषेत या दोघांना एकच उत्तर आहे. ग्राहक आयोगांपुढे अशी प्रकरणं गेली आणि निकाल दोन्ही बाजूंनी लागले. म्हणजे ज्याच्यात आयोगापर्यंत जायची ताकद, त्याला न्यायाची आशा. इंजिन प्रोटेक्ट नावाचं जादा कव्हर याच्यासाठीच आहे. पण पूररेषेत घर असलेल्या माणसाला पॉलिसी विकताना ते मिळतं हेही सांगितलं जात नाही, असं मी वारंवार पाहतो.

ऑइल चेंबरचं असंच आहे. घाटात किंवा शेताच्या वाटेवर दगड लागतो, चेंबर फुटतो, ऑइल गळतं. मालकाला वाटतं, पुढच्या गावापर्यंत जाऊ. तेवढ्यात इंजिन जाम होतं. पॉलिसीची अट स्पष्ट आहे: अपघातानंतर दुरुस्ती न करता गाडी चालवली तर वाढलेलं नुकसान मालकाच्या माथी. मग चेंबरचे पैसे मिळतात, इंजिनाचे मिळत नाहीत. डॅशबोर्डवर ऑइलचा लाल दिवा लागला की गाडी जागेवर बंद करा, हे एक वाक्य त्याला माहीत असतं तर त्याचं इंजिन वाचलं असतं आणि कंपनीचा एक वादही. पण जागेवर थांबायचं तर टोइंग लागतं, आणि टोइंगसाठी मूळ पॉलिसीत मर्यादा आहे १,५०० रुपयांची. गगनबावड्याहून किंवा आंबा घाटातून कोल्हापूरला गाडी ओढून आणायची तर क्रेनवाला काय मागतो, ते कुणालाही विचारा. आपण माणसाला गाडी थांबवायला सांगतो, आणि थांबल्यावर ती उचलून आणायचे पुरेसे पैसे देत नाही.

बाकीच्या काही गोष्टी थोडक्यात. झिजेचे आणि आपोआप होणाऱ्या बिघाडाचे पैसे विमा देत नाही, म्हणून क्लच प्लेट, ब्रेक पॅड, बंद पडलेला एसी यांचा दावा होत नाही. नुसता टायर फुटला तर काही मिळत नाही. त्याच अपघातात गाडीचंही नुकसान झालं असेल तर टायरचे निम्मे मिळतात. बाहेरून बसवलेलं सीएनजी किट आरसी बुकावर आणि पॉलिसीवर नोंदवलेलं नसेल, तर वाद ठरलेला. उंदरांनी वायरिंग कुरतडलं, तर कंपनीगणिक उत्तर वेगळं, एकाच कंपनीच्या दोन सर्व्हेअरांचंही वेगळं. खेड्यापाड्यांत ही तक्रार फार आहे, आपण यावर एकदा स्पष्ट शब्द द्यावा. आणि छोट्या दाव्यांबद्दल: दोन-चार हजारांच्या ओरखड्यासाठी दावा केला की नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दलची हप्त्यातली सवलत, जातो. तो वाढत वाढत ५० टक्क्यांपर्यंत पोचलेला असेल, तर पुढच्या वर्षी स्वतःच्या नुकसानीच्या कव्हरचा हप्ता दुप्पट भरायची पाळी येते. मी अशा गिऱ्हाइकाला दावा करू नका म्हणून सांगतो. ते सांगणं खरं तर माझं काम नव्हे.

आता आमच्या धंद्याबद्दल. डाव्या दाराचा जुना चेपा कालच्या अपघातात घुसवायचा, एका दाव्यात सगळी गाडी रंगवून द्यायची, 'फाइल चार्ज भरा, बाकी आम्ही बघतो' म्हणून गिऱ्हाईक ओढायचं, चांगला हेडलाइट हातोडीनं फोडून नवा लावायचा, हे प्रकार चालतात. ते करणाऱ्यांना मी चोर म्हणतो. त्यांच्यामुळे सर्व्हेअर प्रत्येक गाडीकडे संशयानं बघतो आणि प्रामाणिक माणसाच्या बंपरवर 'रिपेअर' लिहून जातो, जेव्हा त्या बंपरच्या क्लिपा तुटलेल्या असतात आणि तो पुन्हा बसणार नसतो. बंपर बदलायचा की दुरुस्त करायचा, हा वाद आमच्याकडे रोजचा. सर्व्हेअर येतो, चेसिस नंबरवर कागद धरून पेन्सिल घासून ठसा घेतो, मोबाइलवर फोटो काढतो आणि जातो. हल्ली तर व्हिडिओ कॉलवर सर्व्हे उरकतो. रेडिएटरच्या चौकटीमागचा वाकलेला भाग व्हिडिओत दिसत नाही, तो बंपर उतरवल्यावरच दिसतो. मग पुरवणी एस्टिमेट, पुन्हा मंजुरी, पुन्हा थांबणं. या सगळ्यात गाडीच्या मालकाला कुणी काही विचारत नाही. त्याच्या पैशाचा निर्णय गॅरेज, सर्व्हेअर आणि कंपनी यांच्यातल्या ईमेलवर होतो, आणि त्या ईमेलची प्रत त्याला जात नाही.

महोदय, आपल्या प्राधिकरणानं बरंच केलं आहे, हे मी जाणतो. ११ जून २०२४ च्या मुख्य परिपत्रकात आपण सांगितलं, की दाव्याची खबर मिळाल्यापासून २४ तासांत सर्व्हेअर नेमावा, त्यानं १५ दिवसांत अहवाल द्यावा आणि त्यानंतर ७ दिवसांत कंपनीनं निर्णय द्यावा. कागदपत्रं अपुरी म्हणून दावा नाकारू नये, हेही त्यात आहे. सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत मागितली तर विमाधारकाला मिळते. हा अहवाल अंतिम शब्द नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २००९ मध्येच स्पष्ट केलं आहे. कंपनीनं तक्रार ऐकली नाही किंवा महिनाभर उत्तर दिलं नाही, तर विमा लोकपालांकडे जाता येतं. आमच्या भागासाठी ते कार्यालय पुण्यात आहे. तिथं फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे ऐकले जातात, आणि लोकपालांचा निवाडा वेळेत न पाळणाऱ्या कंपनीला दिवसाला ५,००० रुपये विमाधारकाला द्यावे लागतात. इतके भक्कम हक्क, आणि माझ्याकडे येणाऱ्या दहांतल्या नऊ जणांनी 'लोकपाल' हा शब्द फक्त अण्णा हजारेंच्या आंदोलनात ऐकलेला असतो. हे हक्क इंग्रजी परिपत्रकात बसून आहेत. आरोग्य विम्याच्या बाबतीत माहितीपत्रक मागितल्यास स्थानिक भाषेत द्यावं, असं आपण १ जानेवारी २०२४ पासून लागू केलं. मोटार विम्याची माहिती तर न मागताच मराठीत का मिळू नये?

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. पहिलं, पॉलिसी विकतानाच, मग ती शोरूममध्ये असो, एजंटकडे असो वा मोबाइलवर, एक पान मराठीत मिळावं, न मागता. त्यावर त्याच गाडीचं आजचं वय धरून घसाऱ्याचे टक्के असावेत आणि एक नमुना बिल असावं: एवढा खर्च झाला तर एवढे तुमचे, एवढे आमचे. झिरो डेप घेतलं तर किती, नाही घेतलं तर किती. स्वतःच्या नुकसानीचं कव्हर कोणत्या तारखेला संपतं ते ठळक अक्षरात, थर्ड पार्टीच्या तारखेपासून वेगळं. लोकपालांचा पत्ता त्याच पानावर.

दुसरं, गॅरेजमध्ये नट सोडण्याआधी मालकाला ओळीओळीचा लेखी हिशेब मिळावा. प्रत्येक भागापुढे बदल की दुरुस्ती, कंपनी किती देणार, मालक किती, आणि नकार असेल तर पॉलिसीच्या कोणत्या कलमानं. त्यावर मालकाची सही झाल्यावरच काम सुरू व्हावं. आत काही नवं सापडलं तर पुरवणी हिशेब, पुन्हा सही. यानं काम एखादा दिवस लांबेल, हे मला माहीत आहे. माझं दुकान या कामावर चालतं आणि तरी मी हे मागतो आहे.

तिसरं, ते जुने आकडे बदला. प्लास्टिकवरचा ५० टक्के घसारा ज्या काळात ठरला, त्या काळातल्या गाड्यांच्या मानानं आज गाडीच्या पुढच्या भागात प्लास्टिक कितीतरी जास्त आहे. त्याहून चुकीचा घसारा एअरबॅगवरचा. २०२१ पासून सरकारनं पुढच्या दोन्ही सीटना एअरबॅग सक्तीची केली, ती जीव वाचवते म्हणून. ती एकदा फुटली की बदलावीच लागते. आणि गाडी महिन्याभराची असली तरी कोष्टकानुसार एअरबॅगची निम्मी किंमत मालकावर. ज्या भागानं माणसाला वाचवलं, त्याच भागाच्या बिलाला घाबरून लोक मला विचारतात, "एअरबॅग न बसवता नुसता डॅशबोर्ड झाकून देता का?" मी देत नाही. देणारे आहेत. उद्या त्याच गाडीत कुणाचा तरी जीव जाईल. टोइंगचे १,५०० आणि कंपनीला न विचारता करता येणाऱ्या दुरुस्तीचे ५०० रुपये, हे दोन्ही आकडे आज कुठल्याच कामाला पुरत नाहीत.

चौथी मागणी बिनखर्चाची आहे. पावसाळा सुरू होण्याआधी प्रत्येक विमा कंपनीनं आपल्या मोटार विमाधारकांना मराठीत एक संदेश पाठवावा: गाडीत पाणी शिरलं किंवा इंजिन पाण्यात बंद पडलं तर पुन्हा स्टार्ट करू नका, बॅटरीची वायर काढा, फोटो घ्या, गाडी ढकलून किंवा ओढून न्या, कंपनीला लगेच कळवा. हप्त्याची तारीख जवळ आली की याच कंपन्या दिवसाला तीन संदेश पाठवतात. त्यांच्याकडे नंबर आहेत, यंत्रणाही आहे.

आणि इंजिनातल्या पाण्याबद्दल, उंदरांबद्दल, दुरुस्ती की बदल याबद्दल सगळ्या कंपन्यांना बांधील असा एक स्पष्ट खुलासा आपण काढावा. भाड्यानं वापरलेल्या खासगी गाडीच्या दाव्यातसुद्धा सरसकट नकार न देता काही रक्कम द्यावी, अशी वाट सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये दाखवली होती. अंडरपासमध्ये अडकलेल्या, घाबरून किल्ली फिरवलेल्या माणसाला तशी काही टक्के भरपाई द्यायला काय हरकत आहे?

वाचकांपैकी ज्यांच्या घरी गाडी आहे, त्यांनी आज पॉलिसी काढून दोन तारखा बघाव्यात: थर्ड पार्टी कधी संपते आणि स्वतःच्या नुकसानीचं कव्हर कधी संपतं. नूतनीकरणाला झिरो डेप, कन्झ्युमेबल्स आणि पूरपट्ट्यात राहत असाल तर इंजिन प्रोटेक्ट यांचा वेगवेगळा भाव विचारा. गाडी गॅरेजला लावलीत तर काम सुरू होण्याआधी हिशेब लिहून मागा. माझ्याकडे आलात तर मलाही मागा.

महोदय, आपल्याकडून सगळं एका वर्षात होणार नाही, याची मला कल्पना आहे. पण विकतानाचं मराठीतलं एक पान आणि दुरुस्तीआधीचा लेखी हिशेब, या दोन गोष्टींसाठी कायदा बदलावा लागत नाही. एका परिपत्रकानं त्या होतात. येत्या पावसाळ्याआधी तेवढं परिपत्रक काढावं, ही कळकळीची विनंती.

आपला,
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर येथील एक गॅरेजचालक